व्यवसायबंधुत्वाची कसोटी : वैमानिकांच्या संपांवरून काही विचार

वैमानिकांच्या संपाचा विषय या स्मरणिकेच्या पानांत पाहून काही सभासदबंधूंस नवल वाटेल. जोयडा तालुक्यात विमानतळ नाही. रामनगर, जगलबेट, गुंद, कुंभारवाडा या आपल्या गावांवरून आकाशात पांढरी रेघ ओढीत जाणारे विमान दिसते, एवढाच आपला त्याच्याशी नित्याचा परिचय. प्रत्यक्ष विमानात बसावयाचे तर घाटावर सांबरा किंवा हुबळी गाठावी लागते आणि घाटाखाली दाबोळी किंवा मोपा. आपला माल येतो तो रस्त्याने आणि आपले गिऱ्हाईक येते तेही बसने किंवा पायी. मग आकाशातील भांडणाचा जमिनीवरील दुकानदाराने विचार करावा, असे त्यात काय आहे?

आमच्या मते दोन कारणांनी तो करावयास हवा. पहिले कारण उघड आहे. आपल्या घरांतील मुलेमुली आज पुण्यास, मुंबईस, बंगळुरास आणि परदेशांत शिक्षणास व नोकरीस आहेत. लग्नकार्य, आजारपण किंवा घरातील वडिलधाऱ्यांचे अंत्यदर्शन, अशा प्रसंगी विमान सुटले नाही तर त्याची झळ आपल्या उंबरठ्यापर्यंत येते. शिवाय वाहतूक थांबली म्हणजे काय होते, हे आपल्या तालुक्यास निराळे सांगावयास नको. १९५५ साली पोर्तुगीज गोव्याशी असलेली रेल्वेवाहतूक बंद झाली आणि १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉकच्या सरहद्दीवरील मार्ग अडून राहिला. जाणारा-येणारा थांबला की बाजार थांबतो, हा धडा त्या काळी आपल्या वडिलांनी घेतला.

दुसरे कारण अधिक खोल आहे. एकाच धंद्यातील माणसांनी परस्परांसाठी केव्हा उभे राहावे, कोठवर उभे राहावे आणि उभे राहताना ज्यांच्या जिवावर तो धंदा चालतो त्यांचे काय, हा प्रश्न वैमानिकांपुढे जितका आहे तितकाच व्यापाऱ्यांपुढेही आहे. वैमानिकांनी त्याची उत्तरे गेल्या काही वर्षांत जगाच्या डोळ्यांदेखत दिली. काही चुकली, काही बरोबर आली. दुसऱ्याच्या अनुभवाचा हिशेब आपल्या वहीत उतरवून घेण्यास पैसे पडत नाहीत.

हरताळ हा शब्द मुळात बाजारातला आहे, याचे प्रथम स्मरण करू. हाट म्हणजे बाजार किंवा दुकान. त्यास ठोकलेले ताळे तो हरताळ. काम थांबवून गाऱ्हाणे मांडण्याची रीत गिरणीकामगाराने अथवा विमानचालकाने अंगीकारण्यापूर्वी कितीतरी आधी ती दुकानदाराच्या हाती होती. १६६९ साली सुरतेत काजीच्या जुलमास कंटाळून बनिया व्यापारी शहर सोडून भडोचकडे निघून गेले. इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारात त्यांची संख्या आठ हजार दिली आहे. दुकाने मिटली, टांकसाळ व जकात यांचे काम अडले, आणि बादशहाकडून अभय मिळाल्यावर वर्षअखेरीस मंडळी परतली. त्या काळच्या हिंदुस्थानातील सर्वांत श्रीमंत बंदर एकही शस्त्र न उचलता ठप्प झाले, कारण मोठ्या पेढीचा धनी गेला तेव्हा त्याच्याबरोबर छोटा दलाल आणि किरकोळ विक्रेताही गेला.

मराठीत हरताळ नावाचे एक पिवळे खनिजही आहे. जुन्या पोथ्यांत लेखनिकाचे अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा लेप देऊन ते मिटवीत. आपल्या ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांवर असे पिवळे डाग आजही पाहावयास मिळतात. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. दोन्ही शब्दांचा उगम वेगळा असला तरी त्यांची जोडी मार्मिक आहे. ताळे ठोकून अन्यायाचे अक्षर पुसावयास जावे आणि त्याच लेपाखाली आपली पतही पुसली जावी, असे संपकऱ्यांच्या बाबतीत वारंवार घडले आहे.

आता वैमानिकांकडे वळू. त्यांचा संप इतर संपांहून वेगळा का, हे व्यापाऱ्यास चटकन उमजेल. कापडाचे ठाण आज विकले गेले नाही तर उद्या विकता येते. तांदळाचे पोते आठवडाभर गोदामात थांबते. परंतु सुटलेल्या विमानातील रिकामी खुर्ची पुन्हा कधीच विकता येत नाही. ती दुधापेक्षाही नाशवंत वस्तू आहे. विमान जमिनीवर उभे राहिले तरी त्याचे भाडे, कर्जाचे व्याज, तळाचे शुल्क आणि नोकरांचे पगार चालूच असतात. म्हणून काही शे वैमानिक घरी बसले तर हजारो नोकरांची कंपनी चार दिवसांत टेकीस येते. इतके धारदार हत्यार ज्याच्या हाती आहे, त्याने ते उपसताना दसपट विचार करावा, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

परंतु त्याच वैमानिकाची एक दुर्बलताही आहे, आणि ती आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक नसते. व्यापाऱ्याची पत त्याच्याबरोबर चालते. सुप्याची जुनी पेठ काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेली तरी ज्याचा शब्द खरा होता त्याला नव्या गावी उधारीने माल मिळाला असता. वैमानिकाचे तसे नाही. सह-वैमानिकाचा मुख्य वैमानिक केव्हा होणार, कोणत्या जातीच्या विमानावर त्यास शिक्षण मिळणार, दूरच्या मार्गावर केव्हा जावयास मिळणार, हे बहुतांशी त्या कंपनीतील ज्येष्ठताक्रमावर ठरते. आणि कंपनी बदलली की तो क्रम मागे राहतो. पंधरा वर्षांची नोकरी झालेला माणूस दुसऱ्या दारी पुष्कळदा रांगेच्या शेवटी उभा राहतो. शिवाय प्रत्येक जातीच्या विमानासाठी त्यास वेगळी पात्रता मिळवावी लागते. म्हणून 'लाखांनी पगार घेणाऱ्यांस संप कशाला हवा' या प्रश्नाचे उत्तर पगाराच्या आकड्यात सापडत नाही. ज्याला पेढी उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही तो आहे त्या जागेसाठी भांडतो.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे एअर इंडियातील भांडणाचा उलगडा होतो. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ च्या ऑक्टोबरात कराचीहून मुंबईच्या जुहू तळावर टपालाचे विमान आणले, तेथून या संस्थेची कहाणी सुरू होते. १९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि दोन सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या : परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया आणि देशांतर्गत मार्गांसाठी इंडियन एअरलाइन्स. दोहोंचे वैमानिक वेगळे, वेतनाच्या रीती वेगळ्या, आणि संघटनाही वेगळ्या. एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड, तर इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. २००७ साली सरकारने दोन्ही कंपन्या एकत्र केल्या. कागदावर एक घर झाले. चुली मात्र दोनच राहिल्या.

एकाच छपराखाली एकच काम करणाऱ्या दोन भावांना वेगवेगळे ताट वाढले की काय होते, हे एकत्र कुटुंबातून आलेल्या आपल्या वाचकांस सांगावयास नको. २०११ च्या एप्रिलअखेर इंडियन एअरलाइन्सच्या बाजूच्या सुमारे आठशे वैमानिकांनी काम थांबविले. दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांइतके वेतन मिळावे आणि ठराविक उड्डाण-तासांच्या भत्त्याची हमी असावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना बडतर्फ केले. दिल्ली उच्च न्यायालयाने कामावर परतण्यास सांगितले. दहा दिवसांनी, ६ मे रोजी, समेट होऊन संप मिटला. या दहा दिवसांत गिल्डचे वैमानिक संपात उतरले नाहीत. भांडण त्यांच्या ताटाचे नव्हते.

पुढल्या वर्षी चक्र उलटे फिरले. बोइंग ७८७ जातीची नवी विमाने कंपनीत येणार होती आणि त्यांवर दोन्ही बाजूंच्या वैमानिकांस शिक्षण द्यावे असे व्यवस्थापनाने ठरविले. परदेशी मार्गांवरील आपली बढतीची वाट यामुळे अडेल, असे गिल्डच्या वैमानिकांस वाटले. ८ मे २०१२ पासून ते आजारपणाचे कारण देऊन घरी बसले. न्यायालयाने संपास मनाई केली, संघटनेची मान्यता गेली, तिच्या कचेऱ्यांस टाळी लागली आणि शंभराहून अधिक वैमानिक बडतर्फ झाले. हा संप ५८ दिवस चालला. त्या अवधीत दुसऱ्या संघटनेचे वैमानिक कामावर होते. भांडण त्यांच्याच विरुद्ध होते, तेव्हा त्यांनी साथ द्यावी तरी कशी? अखेर ३ जुलै रोजी न्यायालयासमोर अठ्ठेचाळीस तासांत कामावर परतण्याचे आश्वासन देऊन गिल्डने संप मागे घेतला. कंपनीचे सहाशे कोटींच्या आसपास नुकसान झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. सप्टेंबरात पहिले नवे विमान आले; आणि ज्या शिक्षणासाठी दोन महिने झगडा झाला ते दोन्ही बाजूंच्या वैमानिकांना मिळालेच.

या दोन संपांवर आमचे मत स्पष्ट आहे. दोन्ही ठिकाणी मूळ दोष विलीनीकरणाचा होता. पाच वर्षे उलटली तरी दोन कंपन्यांच्या नोकरवर्गाचे वेतन आणि बढतीचे नियम एक झाले नव्हते. त्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली ती २०११ च्या संपानंतर. हा अन्याय दोन्ही संघटनांवर सारखाच झाला होता. तथापि २०११ साली एकीने आपल्यापुरते मागितले आणि दुसरी स्वस्थ बसली; २०१२ साली दुसरीने पहिलीविरुद्धच मागितले. व्यवस्थापनास दोन्ही वेळा अर्धे वैमानिक हाताशी राहिले. जर एकत्र येऊन 'आम्हा दोघांना एकच न्याय्य नियम द्या' एवढे म्हटले असते, तर संपाची वेळ आली असती की नाही याची आम्हांस शंका आहे. ज्याचे गाऱ्हाणे आपले नाही त्याच्यासाठी जो बोलत नाही, त्याच्या गाऱ्हाण्याच्या वेळी बोलणारा कोणी उरत नाही. व्यवसायबंधुत्वाची कसोटी स्वतःच्या मागणीच्या वेळी लागत नाही. ती शेजाऱ्याच्या मागणीच्या वेळी लागते.

याच्या शेजारी मुंबईच्याच जेट एअरवेजचे उदाहरण ठेवून पाहावे. २००९ साली तेथील वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही संघटना स्थापिली आणि त्यात पुढाकार घेणाऱ्या दोघांस कंपनीने कामावरून काढले. ८ सप्टेंबरपासून चारशेहून अधिक वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. शेकडो उड्डाणे रद्द झाली आणि पाच-सहा दिवसांत काढलेल्यांना परत घेण्याचा समेट झाला. दोघांसाठी चारशे उभे राहिले, यात बंधुत्व निःसंशय होते. परंतु रीतीविषयी आमचा आक्षेप आहे. न्याय्य गाऱ्हाण्यास खोट्या आजारपणाचा आधार कशास हवा? प्रवाशास पूर्वसूचना मिळाली नाही. विमानतळावर सामानासह ताटकळणाऱ्या वृद्धाने या दोघांचे काय वाकडे केले होते? सत्याग्रहाचा मान ज्याला हवा त्याने सत्य सांगून, दिवस जाहीर करून काम थांबवावे. आता कायद्यानेही ही पळवाट अरुंद केली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेणे हाही संपच मानला आहे, आणि संपापूर्वी नोटीस देणे आवश्यक केले आहे.

याच संघटनेचे दुसरे चित्र २०१९ सालचे आहे. कंपनी कर्जात बुडाली होती, वैमानिकांचे पगार महिनोन् महिने थकले होते. थकलेले वेतन न मिळाल्यास १ एप्रिलपासून उड्डाण करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. मग ती तारीख १५ एप्रिलवर नेली. आणि तीही टळली. सुमारे वीस हजार कुटुंबांची चूल या कंपनीवर चालत होती आणि आपण थांबलो तर ती आजच विझेल, हे त्यांना कळत होते. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईस शेवटचे विमान आले आणि कंपनीचे काम थांबले ते पैशाअभावी, वैमानिकांच्या संपाने नव्हे. हत्यार हाती असून ते म्यान ठेवणाऱ्या या माणसांचे कौतुक फारसे कोणी केले नाही. आम्हांस मात्र २००९ च्या विजयापेक्षा २०१९ चा हा संयम अधिक मोलाचा वाटतो. कारण त्यात सफाई करणारा, सामान वाहणारा आणि तिकीट देणारा हेही आपल्याच धंद्याचे भाऊ आहेत, ही जाणीव होती.

परदेशांतील अनुभव याहून निराळा नाही. अमेरिकेत १९८१ च्या ऑगस्टमध्ये विमानवाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्या सुमारे तेरा हजार सरकारी नोकरांनी संप केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आणि ती संपताच अकरा हजारांहून अधिक लोकांस बडतर्फ केले. त्या दिवसांत वैमानिक विमाने उडवीत राहिले. उलट १९८९ साली ईस्टर्न एअरलाइन्सच्या यंत्रकामगारांनी संप केला तेव्हा तेथील वैमानिक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नोव्हेंबरात वैमानिकांनी माघार घेतली आणि १९९१ च्या जानेवारीत ती कंपनीच बंद पडली. पहिल्या प्रसंगी साथ न मिळाल्याने माणसे गेली. दुसऱ्या प्रसंगी साथ मिळूनही दुकान गेले. आपल्याकडे मुंबईच्या गिरणीकामगारांनी १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू केलेला संप रीतसर मिटलाच नाही. अडीच लाख कामगारांची एकजूट अभंग होती आणि तरीही गिरणगाव उठले. म्हणजे एकजूट आवश्यक आहे, पण एकट्या एकजुटीने भागत नाही. कशासाठी एकत्र आलो आणि कोठे थांबणार, हे आधी ठरलेले असावे लागते.

येथे आमचे काही बंधू म्हणतील की व्यापाऱ्याने ही चर्चा मालकाच्या बाजूने करावी; आपणही नोकर ठेवतो, आपणही पगार देतो. त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. परंतु ज्या मागणीत गिऱ्हाइकाचे हित आहे त्या मागणीस मालकाच्या व नोकराच्या चष्म्यातून पाहणे ही चूक आहे. याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडले. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि १५८ माणसे मृत्युमुखी पडली, आठ वाचली. चौकशीत असे आढळले की मुख्य वैमानिक प्रवासात बराच वेळ झोपलेला होता आणि झोपेची गुंगी पुरती उतरलेली नसताना त्याने विमान उतरविण्याचा निर्णय चुकीचा घेतला. रात्रपाळीचा थकवा हा वैमानिकाचा खाजगी प्रश्न राहत नाही, हे त्या पहाटे सिद्ध झाले.

या थकव्याविरुद्ध वैमानिकांच्या संघटनांनी पुढे जो मार्ग धरला तो आम्हांस अनुकरणीय वाटतो. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विश्रांतीचे नवे नियम प्रसिद्ध केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. कंपन्यांच्या विरोधाने अंमलबजावणी लांबली. परंतु न्यायालयात पाठपुरावा चालू राहिला आणि २०२५ च्या जुलै व नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांनी नियम लागू झाले. यासाठी संप करावा लागला नाही. २०११-१२ साली एकमेकींच्या विरुद्ध उभ्या असलेल्या त्याच दोन संघटना आता एका बाजूस होत्या. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आल्यावर, २०२३ साली नव्या वेतनकरारास हरकत घेताना, दोन्ही संघटनांच्या दीड हजारांहून अधिक वैमानिकांनी रतन टाटा यांना एकत्र निवेदन पाठविले. दहा वर्षांपूर्वी हे घडते तर कितीतरी घरांची शांती राखली गेली असती.

नियम लागू झाल्यावर जे घडले तेही बोधप्रद आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमानकंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली; ५ डिसेंबर या एका दिवशी ती हजाराहून अधिक होती. लग्नसराईचे दिवस होते आणि लोक विमानतळांवर अडकले. हा संप नव्हता. नव्या नियमांस पुरेसे वैमानिक कंपनीने तयार ठेवले नव्हते. सरकारने काही नियमांतून त्या कंपनीस १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. दोन वर्षे आधी कळलेली गोष्ट ज्या दुकानदाराने मनावर घेतली नाही त्याला ऐन दिवाळीत माल कमी पडला, असाच हा प्रकार. वैमानिक घरी बसले तर आपण त्यांस दोष देतो. कंपनीच्या ढिलाईने तेवढेच नुकसान झाले तर ते विसरून जातो. तराजूची दोन्ही पारडी सारखी असावीत, हा तर आपल्या धंद्याचा पहिला नियम आहे.

आता स्वतःच्या दुकानाकडे पाहू. २०१२ च्या मार्चमध्ये अंदाजपत्रकातील अबकारी करावरून देशभरच्या सराफांनी तीन आठवडे दुकाने बंद ठेविली आणि मे महिन्यात अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी तो कर मागे घेतला. २०१६ साली पुन्हा एक टक्का अबकारी कर आला तेव्हा २ मार्चपासून सुमारे सहा आठवडे सराफकट्टे बंद राहिले. परंतु कर उठला नाही. त्या सहा आठवड्यांत मोठ्या पेढीने तग धरला असेल. रोजच्या कामावर पोट भरणाऱ्या कारागिराने काय केले असेल? २०१३ साली महाराष्ट्रात स्थानिक संस्था कराविरुद्ध व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. बहुतेक व्यापाऱ्यांवरील तो कर उठला २०१५ च्या ऑगस्टमध्ये. यश येते ते पुष्कळदा बंदीच्या दिवसांनी येत नाही; आधीच्या आणि नंतरच्या चिकाटीने, निवेदनांनी, हिशेबाने मांडलेल्या युक्तिवादाने येते. वैमानिकांच्या विश्रांतीची लढाई हेच सांगते.

आणखी एक भेद आपण कधीही विसरता कामा नये. नोकराने आपल्या श्रमाच्या मोलासाठी एकत्र येणे कायद्यास मान्य आहे. व्यापाऱ्यांनी गिऱ्हाइकाकडून घ्यावयाच्या भावासाठी एकत्र येणे कायद्यास मान्य नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याने संघटनेत बसून भाव ठरविणे, पुरवठा रोखणे किंवा बाजार वाटून घेणे यांस मनाई केली आहे. आमच्या मते कायदा नसता तरीही ते अनुचितच ठरले असते. अन्यायाविरुद्धची एकजूट आणि गिऱ्हाइकाविरुद्धची एकजूट यांस एकच नाव देणे म्हणजे भाषेचीही फसवणूक आहे.

जोयड्यासारख्या तालुक्यात हा भेद अधिकच महत्त्वाचा. येथे वस्ती विरळ, रान दाट आणि पाऊस उदंड. एखाद्या वाडीवरून माणूस कोसभर चालून रस्त्याला लागतो, बस पकडतो, आणि मीठ-तेल, औषध, पोराची वही घेऊन संध्याकाळच्या गाडीने परततो. शहरात एक दुकान बंद असेल तर गिऱ्हाईक पुढल्या गल्लीत जाते. येथे बाजारपेठ बंद असेल तर ते रिकामी पिशवी घेऊन परत जाते आणि त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. विमानाच्या रिकाम्या खुर्चीप्रमाणे त्याचा तो दिवसही पुन्हा विकता येत नाही. त्याचे हे नुकसान भरून देणारी कोणतीही संघटना नाही.

म्हणून आपल्या संघटनेने पुढील गोष्टी शांततेच्या दिवसांतच ठरवून ठेवाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली : घाऊक व किरकोळ, जुना व नवा, तालुक्याच्या गावचा व आडगावचा, असे जे भेद आपल्यात आहेत त्यांची गाऱ्हाणी वर्षातून एकदा तरी एकत्र बसून ऐकावीत, एअर इंडियाच्या दोन चुलींचा इतिहास आपल्याकडे घडू देऊ नये. दुसरी : बंदचा विचार करावयाचा झाल्यास सर्वांत छोट्या दुकानदारास आणि रोजंदारीवरील हमालास तो किती दिवस सोसेल, हे प्रथम विचारावे, आणि ज्यांस सोसणार नाही त्यांची सोय संघटनेच्या निधीतून करावी. तिसरी : दिवस आधी जाहीर करावा, कारण खरे सांगावे, आणि औषधे, दूध व धान्य यांची दारे बंद ठेवू नयेत. चौथी : सभासदावर अन्याय झाला तर तो आपल्या नात्याचा आहे की नाही, आपला प्रतिस्पर्धी आहे की नाही, हे न पाहता संघटनेने त्याच्या बाजूने पत्र लिहावे, कचेरीत जावे, गरज पडल्यास न्यायालयात उभे राहावे. पाचवी : अन्याय सभासदानेच गिऱ्हाइकावर किंवा नोकरावर केला असेल, तर त्याला पाठीशी घालण्यास बंधुत्व म्हणू नये.

या पाचांपैकी चौथी सर्वांत अवघड आहे, हे आम्ही जाणतो. समोरच्या दुकानदाराचे ताळे सरकारी शिक्क्याने बंद झाले तर आपल्या दारी गर्दी वाढते, आणि त्या गर्दीकडे पाहून मौन बाळगण्याचा मोह माणसास होतो. २०११ साली कामावर राहिलेल्या वैमानिकांसही असाच काही मोह झाला असेल. वर्षभरातच त्यांच्या कचेऱ्यांस टाळे लागले. म्हणून समोरच्या दुकानावरील अन्यायाचा शिक्का निघेपर्यंत आपल्या गल्ल्यातील वाढीव रकमेस नफा म्हणू नये, एवढे पथ्य प्रत्येक सभासदाने पाळले, तर संघटनेच्या नावातील 'संघ' हे अक्षर सार्थ होईल आणि त्यावर हरताळ फासण्याची वेळ कोणावरही येणार नाही.